मालाचे आयुष्य दुरुस्तीत असते

व्यापारात एक समज घट्ट बसला आहे की, माल दुकानाबाहेर गेला आणि पैसे गल्ल्यात पडले म्हणजे व्यवहार पुरा झाला. आमचे मत याच्या उलट आहे. माल विकला जातो त्या दिवशी त्याचे आयुष्य सुरू होते आणि ते किती लांबेल हे तो दुरुस्त होतो की नाही यावर ठरते. हे पटवून देण्यासाठी आज कापडाचा दाखला न देता आम्ही एका वेगळ्या मालाचा देत आहोत. तो म्हणजे ब्रिटनची जुनी स्पोर्ट्‌स कार. आमच्या नात्यातील काही मंडळी फार पूर्वीपासून बर्मिंगहॅमकडे राहतात. त्यांच्याकडे जाणे-येणे झाले तेव्हा तिथले साधे नोकरदार लोक आपल्या घराच्या गॅरेजात या गाड्या स्वतःच्या हाताने कशा चालत्या ठेवतात, हे जवळून पाहता आले. पुढे आम्ही त्याविषयी वाचतही गेलो.

स्पोर्ट्‌स कार म्हटले की आपल्याकडे नवाबी शौक डोळ्यांपुढे येतो. पण एमजीबी ही गाडी तशी नव्हती. १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावातील कारखान्यात पाच लाखांहून अधिक एमजीबी तयार झाल्या. त्यांतील मोठा भाग अमेरिकेला गेला. दोन माणसांची, ठेंगणी, कापडी टपाची ही गाडी मध्यम पगाराच्या माणसाला झेपेल अशी होती. याचे कारण असे की, तिचे पुष्कळसे भाग त्याच कंपनीच्या घरगुती गाड्यांमधून उचललेले होते. इंजिन तर आपल्या ओळखीच्या घराण्यातले. आपल्या अँबॅसडरमध्ये वर्षानुवर्षे जे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन चालले, ते बीएमसी कंपनीच्या बी-सिरीजमधील होते. एमजीबीच्या आधीची एमजीए ही स्पोर्ट्‌स कार १९५५ साली आली तेव्हा तिच्यातही १४८९ सीसीचेच बी-सिरीज इंजिन होते. एमजीबीमध्ये ते १७९८ सीसीचे झाले. म्हणजे अँबॅसडर उघडणाऱ्या आपल्या मिस्त्रीला एमजीबीचे झाकण उघडल्यावर परके वाटू नये.

ज्ञान विकणारा व्यापारी

आता एका व्यापाऱ्याची हकीकत ऐका. जॉन हेन्स नावाचा तरुण ब्रिटिश हवाई दलात होता आणि त्याची नेमणूक एडनला झाली होती. आपल्या कोकणातील जहाजी मंडळींना हे बंदर चांगले ठाऊक आहे. तिथे त्याच्या एका सहकाऱ्याने जुनी ऑस्टिन-हीली स्प्राइट ही छोटी स्पोर्ट्‌स कार घेतली. कंपनीचे माहितीपुस्तक साध्या मालकाच्या कामाचे नव्हते. हेन्सने ती गाडी खोलून पुन्हा जोडायला मदत केली आणि काम चालू असताना पायरीपायरीने फोटो काढले. १९६६ साली त्यातून पुस्तक निघाले आणि त्याच्या पहिल्या ३,००० प्रती तीन महिन्यांच्या आत खपल्या. पुढे शेकडो गाड्यांवर अशी पुस्तके निघाली आणि ब्रिटनमध्ये हेन्स हे नाव घरगुती दुरुस्तीचेच नाव होऊन बसले.

यात नफ्याचे मर्म काय आहे ते पाहा. या माणसाने गाडी बनवली नाही, गाडी विकली नाही. गिऱ्हाइकाच्या मनातली भीती काढण्याचे साधन त्याने विकले. आपल्याकडे उस्ताद आपला हुनर मुठीत धरून ठेवतो, कारण सांगितले तर धंदा जाईल अशी त्याला धास्ती असते. हेन्सने सर्व काही उघड सांगितले आणि त्याचा धंदा वाढला.

घरच्या गॅरेजात काय होते

या गाड्यांची देखभाल कोणी समजतो तितकी अवघड नाही, पण तिला शिस्त लागते. पुढच्या चाकांच्या किंगपिनना दर ३,००० मैलांना ग्रीस गनने ग्रीस द्यायचे. इंजिन थंड असताना टॅपेटची फट फीलर गेजने मोजायची. एमजीबीत ती ०.०१५ इंच असते. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट साफ करून त्यांची फट बसवायची. तारेच्या आऱ्यांची चाके असतील तर ती उतरवून आतल्या दात्यांना ग्रीस लावायचे. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते, म्हणून ते ठराविक काळाने बदलायचे. एवढ्या कामाला चार पाने, एक पेचकस आणि रविवारची सकाळ पुरते.

कार्बोरेटरचे उदाहरण तर मुद्दाम सांगण्यासारखे आहे. एमजीबीत एसयू जातीचे दोन कार्बोरेटर असतात. ही रचना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्किनर घराण्यातील भावांनी काढली. हे घराणे लंडनमध्ये पादत्राणांच्या व्यापारातले. म्हणूनच की काय, सुरुवातीच्या एसयूमध्ये चामड्याचा भाता होता. पुढे त्या जागी धातूचा पिस्टन आला. इंजिन हवा ओढते तसा हा पिस्टन वर उचलला जातो, त्याला जोडलेली निमुळती सुई पेट्रोलच्या छिद्रातून वर येते आणि गरजेपुरते पेट्रोल जाते. पिस्टनला धक्का बसू नये म्हणून वरच्या नळीत थोडे तेल घालावे लागते. दोन कार्बोरेटर सारखी हवा ओढतात की नाही, हे जुने जाणकार रबरी नळीचे एक टोक कानाला लावून ओळखतात. मुद्दा असा की, ही सगळी करामत डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते. जी गोष्ट दिसते ती शिकता येते.

अर्थात अंदाजपंचे काम करून चालत नाही. ट्रायम्फ स्पिटफायर या गाडीच्या पुढच्या चाकांच्या खालच्या सांध्यात ग्रीस न भरता घट्ट गिअर ऑइल भरावे लागते. ते कोरडे राहिले तर सांधा झिजून तुटतो आणि चाक आडवे पडते. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचे धन टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेले असे, आजच्या गाड्यांच्या नेमके उलट. हे माहीत नसता नवे विजेचे उपकरण जोडले तर ते जळते. म्हणून पुस्तक आधी आणि पाना नंतर.

कारखाना बंद, दुकान चालू

१९८० साली ॲबिंग्डनचा कारखाना बंद झाला. सामान्य हिशेबाने या गाड्या दहा-पंधरा वर्षांत भंगारात जायला हव्या होत्या. इंजिनापेक्षा त्यांचा खरा शत्रू गंज. दाराखालचा लांब पत्रा आतून सडतो आणि गाडीची ताकद त्याच पत्र्यात असते. पण झाले वेगळेच. मूळ कंपनीनेच १९७५ साली जुन्या गाड्यांचा वारसा आणि सुटे भाग सांभाळण्यासाठी ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था काढली होती. तिने पत्र्याचे मूळ साचे शोधून काढले आणि १९८८ साली एमजीबीचा संपूर्ण नवा सांगाडा पुन्हा विक्रीला आणला. आठ वर्षांपूर्वी बंद झालेल्या गाडीचा कोरा सांगाडा! त्याच सांगाड्याच्या आधारे रोव्हर कंपनीने पुढे आरव्ही-८ ही गाडी काढली. अशा सुमारे २,००० गाड्या झाल्या आणि बहुतेक जपानला गेल्या. एसयू कार्बोरेटरही आज सॉल्झबरीची बर्लन ही कंपनी बनवते आहे. तिने ते नाव १९९६ साली घेतले.

खुद्द एमजी या नावाचे काय झाले? २००५ साली एमजी रोव्हर कंपनी कोसळली आणि नाव चिनी मालकीत गेले. २०१९ पासून त्याच अष्टकोनी खुणेच्या गाड्या आपल्या रस्त्यांवरही धावतात. नाव एका हातातून दुसऱ्या हातात गेले, पण जुन्या गाडीचा व्यापार तिच्या मालकांनी आणि सुटे भाग विकणाऱ्यांनी जिवंत ठेवला. व्यापाऱ्याने यातून धडा घ्यावा. गिऱ्हाइकाला दुरुस्तीचे सामान मिळत राहिले तर मालाची बाजारपेठ कारखान्यापेक्षा जास्त जगते.

हलक्या मालाचा घात

या बाजाराला एक रोगही लागला आहे आणि तो आपल्याला परका नाही. नव्याने बनवलेले काही सुटे भाग दिसायला चकचकीत, पण हलके निघतात. डिस्ट्रिब्युटरमधला रोटर, कंडेन्सर, रबरी बूट आणि बुश यांच्या तक्रारी या गाड्यांच्या मालकांत नेहमीच्या झाल्या आहेत. जुना भाग तीस वर्षे चालला आणि नवा तीन महिन्यांत फाटला, असे ऐकू येते. स्वस्त भाग विकणाऱ्याला त्या दिवशी चार पैसे सुटतात, पण रस्त्यात अडकलेला मालक पुन्हा त्या दुकानाची पायरी चढत नाही. कापडी टपाचेच घ्या. बाजारात ज्याला मोहेर म्हणतात, तो आज बहुधा वरून ॲक्रिलिक, मध्ये रबराचा थर आणि आतून सुती किंवा पॉलिएस्टर असा तीन पदरी माल असतो. माल चांगला आहे. पण गिऱ्हाइकाला पदर आणि वजन सांगूनच तो विकावा, असे आम्ही कापडवाले म्हणून म्हणतो.

हद्द ओळखली पाहिजे

घरगुती दुरुस्तीची आम्ही तरफदारी करतो, याचा अर्थ सर्व काही घरीच करावे असा नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही कधीही जाऊ नये. चाकांना अडण लावून, सपाट फरशीवर लोखंडी स्टँड देऊनच खाली जावे. सडलेल्या पत्र्याचे वेल्डिंग, सिलिंडर हेडचे मशीनकाम, ब्रेकविषयी मनात शंका असेल तेव्हा ब्रेक, ही कामे जाणत्या कारागिराकडे द्यावीत. ब्रिटनमध्ये २०१८ पासून चाळीस वर्षांवरील आणि मूळ रचनेत मोठा फेरफार न झालेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीची सक्ती राहिलेली नाही. पण गाडी रस्त्यावर धोकादायक निघाली तर जबाबदारी मालकाचीच. सक्ती नसली तरी दरवर्षी तपासणी करून घेणारा मालक आमच्या मते शहाणा.

काळाबरोबर बदलही करावा लागतो. १९९९ अखेर ब्रिटनमध्ये शिसेयुक्त पेट्रोल बाजारातून गेले, तेव्हा व्हॉल्व्हच्या बैठका झिजू नयेत म्हणून अनेकांनी कठीण धातूच्या बैठका बसवून घेतल्या. २०२१ मध्ये तिथे दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले, तेव्हा जुन्या रबरी नळ्या बदलाव्या लागल्या. आपल्याकडे २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. ज्यांच्या घरी जुनी गाडी किंवा स्कूटर आहे त्यांनी पेट्रोलच्या नळ्या एकदा जरूर पाहून घ्याव्यात.

कोणी म्हणेल, मालक घरीच काम करू लागला तर मिस्त्रीच्या पोटावर पाय येईल. तिथला तजुर्बा तसा नाही. जो स्वतः प्लग आणि तेल बदलतो तोच वेल्डिंगला, रंगाला, टप शिवायला कारागीर शोधतो, त्याच्या कामाची पारख करतो आणि योग्य मजुरी देताना कुरकुर करत नाही. न समजणारा गिऱ्हाईक मात्र गाडी भंगारवाल्याला देऊन मोकळा होतो, आणि तिथे मिस्त्रीची रोजी कायमची बुडते.

आपल्यापुढचा प्रश्न

आज बाजारात येणारा पुष्कळ माल मुद्दाम बंद करून येतो. बॅटरी चिकटवलेली, पेच असा की त्याचा पाना मिळू नये, सुटा भाग मागितला तर नवीनच घ्या असे उत्तर. नव्या गाड्या जास्त सुरक्षित आहेत आणि धूर कमी सोडतात, हे आम्ही नाकारत नाही. पण सुरक्षित असणे आणि दुरुस्तीला बंद असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. मोबाइल, घरगुती उपकरणे, शेतीची अवजारे आणि वाहने या चार क्षेत्रांतील कंपन्यांनी तिथे माहिती द्यावी असा त्याचा हेतू आहे. हेतू चांगला आहे, पण विकणाऱ्या व्यापाऱ्याने साथ दिल्याशिवाय तो कागदावरच राहील. कारण गिऱ्हाईक सरकारला विचारायला जात नाही, तो आपल्या दुकानात येतो.

चांगला शिंपी कपडा शिवताना शिवणीत माया ठेवतो. पोर वाढले, अंग भरले तरी कपडा उसवून मोठा करता यावा हा त्यामागचा विचार. माया कापून टाकली तर दोन बोटे कापड वाचते, पण कपड्याचे आयुष्य निम्मे होते. एमजीबी बनवणाऱ्यांनी आपल्या गाडीत अशीच माया ठेवली होती, म्हणून कारखाना गेला तरी गाडी राहिली. तेव्हा व्यापारी बांधवांना आमचे सांगणे एवढेच की, नवा माल भरताना कंपनीच्या माणसाला दोन प्रश्न जरूर विचारा. याचे सुटे भाग किती वर्षे मिळतील? आणि हा माल आमच्या गावचा मिस्त्री उघडू शकेल का? सरळ उत्तर मिळाले नाही, तर तो माल कितीही खपाऊ असला तरी ऑर्डर देण्यापूर्वी थांबा.