पॉझिटिव्ह म्हणजे गाठ परत आली, असं नव्हे

हायडॅटिडच्या रुग्णाचं रक्त माझ्याकडे येतं तेव्हा सोबतच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा एवढंच लिहिलेलं असतं : ‘ऑपरेशन झाले आहे, गाठ परत आली का पाहणे.’ फलटणच्या बाजूला मी सूक्ष्मजीवशास्त्राची छोटी प्रयोगशाळा चालवते. ही तपासणी करून मी पैसे घेते, तरी स्पष्ट सांगते : त्या चिठ्ठीतल्या प्रश्नाचं उत्तर एकट्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये नसतं. ते तिथे असतं असं धरून चालल्यामुळे बरी झालेली माणसं घाबरून पुन्हा ऑपरेशनच्या दारात जाऊन उभी राहतात, आणि ज्यांची गाठ खरंच वाढते आहे ती निवांत घरी बसतात.

आजार कुत्र्याच्या आतड्यातल्या फीतकृमीचा. हा कृमी जेमतेम तीन ते सहा मिलिमीटर लांब. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर आणि पाण्यात जातात, कुत्र्याच्या केसांनाही चिकटून राहतात. मेंढ्या, शेळ्या, गाई-म्हशी चरताना ती गिळतात आणि त्यांच्या काळजात, फोपशात पाण्याने भरलेले कोष धरतात. जनावर कापल्यावर तो खराब भाग कुत्र्यापुढे टाकला की फेरा पुन्हा सुरू. माणूस यात मधेच सापडतो. त्याच्याही पोटात अंडी जातात, आणि साधारण 70 टक्के रुग्णांत गाठ यकृतात, 20 टक्क्यांत फुप्फुसात वाढते. वाढते म्हणजे वर्षानुवर्षं, काही न दुखता. मेंढपाळांचा आजार म्हणून याकडे पाहिलं जातं, पण ते अर्धंच खरं आहे. मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी जनावरांतल्या कोषांचा जनुकीय अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात म्हशीचा म्हणून ओळखला जाणारा जी-3 हा प्रकार सर्वाधिक सापडला. गोठा आणि राखणीचं कुत्रं असलेल्या कुठल्याही घराचा हा प्रश्न आहे.

आता तपासणीकडे येते. ही रक्ततपासणी एलायझा पद्धतीची. तिच्या प्लेटला 96 छोट्या खळ्या असतात. माझ्याकडे येणाऱ्या किटमध्ये त्यांच्या तळाशी कोषातल्या पाण्यापासून मिळवलेली प्रथिनं चिकटवलेली असतात. रुग्णाचा सीरम त्यात घातला की त्यातली आयजीजी प्रतिपिंडं तिथे जाऊन बसतात. पुढच्या टप्प्यांत खळी निळी होते, शेवटचं आम्ल घातलं की पिवळी. पिवळा रंग जितका गडद तितकी प्रतिपिंडं जास्त. यंत्र तो गडदपणा मोजतं, ठरलेल्या रेषेच्या वर गेला की पॉझिटिव्ह. यंत्र कृमी बघत नाही, गाठही बघत नाही. शरीराने त्या कृमीची दखल घेतलेली आहे, इतकंच ते सांगतं.

पाऊस थांबला तरी ओढा पुढे किती तरी दिवस वाहत राहतो, तशी ही प्रतिपिंडं. गाठ पूर्ण काढली, रुग्ण ठणठणीत झाला, तरी ती कित्येक वर्षं रक्तात सापडतात. उलट ऑपरेशननंतर किंवा अल्बेंडाझोल सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत आकडा वाढू शकतो, कारण कोष फुटताना किंवा मरताना त्यातली प्रथिनं रक्तात मिसळतात. म्हणजे उपचार लागू पडत असतानाच रिपोर्ट बिघडल्यासारखा दिसू शकतो. दुसऱ्या बाजूने फुप्फुसातली गाठ किंवा अगदी नवी, सलग आवरणाची गाठ असेल तर जिवंत कोष असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. डुकराच्या फीतकृमीमुळे मेंदूत गाठी झालेल्या माणसाचं रक्तही या तपासणीत पॉझिटिव्ह येऊ शकतं.

एका मेंढपाळ घरातल्या बाईंचं यकृताचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं. कुठल्याशा प्रयोगशाळेतून पॉझिटिव्ह रिपोर्ट आला आणि गाठ परत आली, लगेच ऑपरेशन करा, असं त्यांना सांगण्यात आलं. नवऱ्याने मेंढरं विकायला काढली. माझ्याकडे त्या दुसरा रिपोर्ट करून घ्यायला आल्या होत्या. “मॅडम, मग किडा अजून जिता हाय म्हणायचा का?” हा त्यांचा प्रश्न. मी रक्त घेतलंच नाही, आधी सोनोग्राफीला पाठवलं. यकृतात ऑपरेशनची जुनी पोकळी होती, आक्रसलेली. ना नवा कोष, ना पिल्लं-कोष. त्यांना ऑपरेशनची गरज नव्हती. वर्षभर कुणी सोनोग्राफीच केलेली नव्हती, याचं मला आजही वाईट वाटतं.

यकृतातल्या गाठीबाबत निर्णय सोनोग्राफीवर व्हायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने गाठीच्या अवस्था ठरवून दिलेल्या आहेत. सीई-1 आणि 2 म्हणजे जिवंत, सीई-3 म्हणजे अधलीमधली, सीई-4 आणि 5 म्हणजे निद्रिस्त किंवा मेलेली. या अवस्थेवरून ऑपरेशन, सुईने पाणी काढून औषध भरणं, नुसत्या गोळ्या, की काहीच न करता नुसतं लक्ष ठेवणं, हे ठरतं. उपचारानंतर पहिली दोन वर्षं दर सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी सोनोग्राफी व्हावी, निदान पाच वर्षं. दहा वर्षांनी परत आलेल्या गाठीही नोंदलेल्या आहेत.

मग रक्त तपासूच नये का? तपासावं, पण रांगेने. आकडा उतरत चालला होता आणि अचानक चढला, तर त्या चढण्याला अर्थ आहे. लगेच सोनोग्राफी करावी. त्यासाठी सगळे आकडे एकाच पद्धतीचे हवेत. या किटचा 2.1 आणि त्या किटचा 2.1 एक नसतो. मी जुना सीरम उणे 20 अंशांवर जपून ठेवते आणि नवा आला की दोन्ही एकाच प्लेटवर शेजारशेजारच्या खळ्यांत लावते. रंगातला फरक मग डोळ्यांनाही दिसतो. याला खर्च किती? फ्रीजरचा एक कप्पा आणि दोन जादा खळ्या. प्रत्येक प्रयोगशाळेने हे करायला हवं, आणि रिपोर्टवर नुसतं पॉझिटिव्ह न छापता आकडा, पद्धत आणि किटचं नाव छापायला हवं.

पण आमच्या भागात हे अवघड का होतं ते सांगते. दिवाळीनंतर मेंढपाळांचे वाडे कोकणात उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. ‘सहा महिन्यांनी या’ म्हटलं तर त्या वेळी रुग्ण चिपळूणच्या माळावर मेंढरं बसवत असतो. तिथे दुखलं तर तिथल्याच प्रयोगशाळेत जातो, तिसराच किट, तिसराच आकडा. त्याच्या हातात एक कार्ड असावं : ऑपरेशनची तारीख, गाठ कुठे होती, प्रत्येक सोनोग्राफीतली अवस्था आणि माप, प्रत्येक आकडा किटच्या नावासह. क्षयरोगाच्या रुग्णाला उपचाराचं कार्ड देता येतं, तर हायडॅटिडच्या रुग्णाला का नाही?

आणि ज्या रक्ततपासण्या खरोखर चुकवू नयेत, त्याच सर्रास चुकतात. अल्बेंडाझोल रोज, महिनोन् महिने घ्यावं लागतं. जंतासाठी शाळेत देतात ती एक गोळी वेगळी. इतक्या दीर्घ काळात हे औषध यकृताला त्रास देऊ शकतं, पांढऱ्या पेशी घटवू शकतं. म्हणून सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी आणि पुढे दरमहा लिव्हर फंक्शन आणि सीबीसी करावं लागतं. गरोदरपणाच्या सुरुवातीला तर औषध टाळायचंच असतं. माझ्याकडे हायडॅटिड एलायझा दोनदा करून गेलेले आणि सीबीसी एकदाही न केलेले रुग्ण येतात. महाग तपासणी झाली, स्वस्त राहिली. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार आणि तपासण्या मोफत आहेत. मग गोळ्या लिहून देणाऱ्याने त्या तपासण्यांच्या तारखाही त्याच कागदावर लिहून द्याव्यात. गोळी तेला-तुपाच्या जेवणाबरोबर घ्यायची, कारण रिकाम्या पोटी ती फारशी अंगी लागत नाही, हेही तिथेच लिहावं.

आणि आजार मुळातच थांबवायचा तर पशुसंवर्धन विभागाला बाजूला ठेवून चालणार नाही. कुत्र्याला प्राझिक्वांटेलची गोळी दर सहा आठवड्यांनी मिळाली तर कृमीला अंडी घालण्याइतकं वयच मिळत नाही. न्यूझीलंड आणि आइसलँड या मेंढ्यांच्या देशांनी कुत्र्यांवर लक्ष ठेवूनच हा आजार हटवला. मेंढ्यांना लस टोचायला वाड्यावर येणाऱ्या पशुवैद्यकाच्या पेटीत कुत्र्यासाठीही गोळ्या असाव्यात, आणि कोष असलेलं काळीज पुरायचं की जाळायचं हे त्याने तिथेच दाखवावं.

घरात कुणाचं हायडॅटिडचं ऑपरेशन झालेलं असेल तर माझी विनंती आहे : पुढच्या वेळी सोनोग्राफी कराल तेव्हा रिपोर्टवर गाठीची अवस्था लिहिलेली आहे का ते बघा. नसेल तर खोलीतून बाहेर पडण्याआधी मागून घ्या.