हरकतीच्या अर्जात राहून गेलेले

या सदरात आपण एरवी रक्तदाब, मधुमेह, मुलांचे लसीकरण अशा विषयांवर बोलतो. या वेळचा विषय वरवर पाहता माझ्या अधिकारातला नाही. परंतु तो माझ्या टेबलापर्यंत येऊन पोहोचला आहे. लोणावळ्यापासून तळेगावापर्यंत मावळात जिथे भाताची खाचरे होती, तिथे आता गृहसंकुलांचे फलक दिसतात. आणि त्या फलकांच्या शेजारी राहणारी माणसे तपासणी झाली की पिशवीतून आणखी एक कागद काढतात. तो असतो हरकतीचा अर्ज. ‘डॉक्टर, जरा वाचून पाहा आणि सही करा.’

कामशेतच्या बाजूच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा असा अर्ज मी मध्यंतरी वाचला. गावाच्या वरच्या अंगाला पाचशे सदनिकांचे संकुल होऊ घातले आहे. अर्जाची भाषा नेटकी, अक्षर वळणदार. रस्ता अरुंद आहे, वीज वारंवार जाते, बाहेरचे लोक येतील, गावाचे गावपण राहणार नाही, असे मुद्दे ओळीने मांडलेले. बोलता बोलता त्या सहज म्हणाल्या, की गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर त्याच उताराच्या पायथ्याशी आहे. अर्जात मात्र विहिरीचा उल्लेखही नव्हता!

‘बाहेरचे लोक’ हे शब्द मी त्यांना वगळायला सांगितले. बोरघाटातून १८६३ साली आगगाडी गेली, तेव्हापासून लोणावळे-खंडाळे बाहेरच्या माणसांवरच वाढले. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केले, तेही बाहेरून येऊनच. शिवाय वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेऊन या संकुलात राहायला येणारे कुटुंब टँकरचे जे पाणी पिते, त्याच्या शुद्धतेची खात्री त्यालाही कोणी दिलेली नसते. त्याच्या घरातला मुलगाही जुलाब झाले की माझ्याच दवाखान्यात येतो. हरकत माणसांवर घ्यायची नसून पाण्याची, सांडपाण्याची सोय न पाहता दिलेल्या परवानगीवर घ्यायची असते.

आता थोडे गणित करू. पाचशे सदनिका आणि घरटी चार माणसे धरली, तर दोन हजार लोक झाले. भुयारी गटारे असलेल्या शहरांसाठी दरमाणशी दररोज १३५ लिटर पाण्याचा निकष आहे. म्हणजे दिवसाला २ लाख ७० हजार लिटर पाणी. दहा हजार लिटरचे २७ टँकर, रोज. वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, म्हणजे २ लाख १६ हजार लिटर. आणि खालच्या गावाची योजना? जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दरमाणशी ५५ लिटरचा हिशेब धरलेला आहे. एकाच उतारावर वर १३५ आणि खाली ५५. हे आकडे अर्जात आले, की वाचणाऱ्या अधिकाऱ्याला ‘गावपण’ या शब्दापाशी थांबून हसता येत नाही.

मावळची जमीनही ध्यानात घ्यायला हवी. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. तो अखंड दिसतो, पण त्याच्या थरांमध्ये भेगा आणि सांधे असतात. भूजल याच भेगांतून वाहते, आणि शोषखड्ड्यात मुरवलेले मैलापाणीही याच वाटेने जाते. मातीच्या जाड थरातून गाळले जाण्याची संधी त्याला फारशी मिळत नाही. त्यातच आपल्याकडचा पाऊस. श्रावणात जमीन इतकी भिजलेली असते, की शोषखड्डा शोषेनासा होतो आणि काठोकाठ भरून उतारावरच्या ओढ्याला मिळतो. ओढा इंद्रायणीला, आणि इंद्रायणी पुढे देहू-आळंदीला. तिथे आपल्यापैकी कित्येक जण त्याच पाण्याचे तीर्थ घेतात.

मोठ्या संकुलांना सांडपाणी शुद्धीकरण केंद्र बांधावे लागते, हे खरे. पण ते केंद्र म्हणजे जिवाणूंचा सांभाळ असतो. घाण खाणाऱ्या त्या जिवाणूंना अखंड हवा द्यावी लागते. वीज गेली, किंवा बिल वाचवण्यासाठी हवेचा पंप रात्री बंद ठेवला, की ते मरू लागतात आणि पाणी जसे आत आले तसेच बाहेर पडते. बांधकाम व्यावसायिक इमारत सोसायटीच्या ताब्यात देऊन गेल्यावर हा खर्च कोणी करायचा, यावर सोसायटीच्या सभेत होणारी भांडणे रुग्णांच्या तोंडून मी पुष्कळ ऐकली आहेत.

यातून होणारे आजार लगेच दिसत नाहीत. दूषित पाण्याने पसरणाऱ्या काविळीचे दोन विषाणू आहेत, ‘ए’ आणि ‘ई’. ‘ए’ची लक्षणे दिसायला साधारण चार आठवडे लागतात, ‘ई’ची दोनपासून दहा आठवड्यांपर्यंत. डोळे पिवळे झाल्यावर मी विचारतो, ‘पाणी कुठले प्यायलात?’ आणि माणूस कालचे, परवाचे आठवू लागतो. दीड महिन्यापूर्वीचा टँकर कोण लक्षात ठेवणार? गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ‘ई’ कावीळ झाली, तर आईच्या जिवावर बेतते. अशा बाधित मातांपैकी पाचव्या-चौथ्या हिश्श्यापर्यंत मृत्यू होऊ शकतात, असे वैद्यकशास्त्र सांगते. माहेरपणाला आलेल्या लेकीला पाणी उकळूनच द्या, असे मी सांगतो, ते त्यामुळे.

जानेवारी २०२५ आपण कोणीही विसरलेलो नसू. पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गिलेन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे ‘जीबीएस’चे, रुग्ण एकामागून एक सापडू लागले. एरवी वर्षाकाठी लाखात एखाद-दुसऱ्याला होणारा हा आजार. तिथे काही आठवड्यांत रुग्णसंख्या २०० च्या वर गेली आणि काही जण दगावले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला. हा आधी जुलाब घडवतो. पुढे एक ते तीन आठवड्यांनी क्वचित एखाद्याची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. ही गावे २०१७ आणि २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. इमारती आधी उभ्या राहिल्या, पूर्ण शुद्ध केलेल्या पाण्याची नळयोजना मात्र मागे राहिली. नांदेडची विहीर, खासगी टँकर, आरओ पाण्याची विक्री केंद्रे या सगळ्यांची तपासणी रुग्ण अतिदक्षता विभागात पोहोचल्यावर करावी लागली. त्या भागात आणि आपल्या सोमाटणे, वडगाव, कामशेत पट्ट्यात फरक किती, हे आपणच ठरवा. मला तरी तो काही वर्षांचाच वाटतो.

पूल कोसळला तर निदान सर्वांना दिसतो. १५ जून २०२५ रोजी इंद्रायणीवर कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने पडला, चार जणांचा जीव गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून तालुकाभर पुलांची चर्चा सुरू झाली. विहीर नासते तेव्हा असा आवाज होत नाही.

आरोग्यसेवेचा भारही अर्जात यावा. प्राथमिक आरोग्य केंद्राचा निकष सपाट प्रदेशात ३०,००० लोकसंख्येमागे एक, डोंगरी आणि आदिवासी भागात २०,००० मागे एक असा आहे. ही लोकसंख्या मोजायची कोणत्या वर्षाची? २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे सरकारी कागदावर आपण अजून २०११ मध्ये राहतो. त्या गणनेत लोणावळे सुमारे ५७ हजारांचे होते. शनिवार-रविवारची पाहुणेमंडळी कोणत्याच गणनेत नसतात. उंच इमारतीला अग्निशमन विभागाचा दाखला लागतो. आरोग्य केंद्राची क्षमता पुरेल का, असा दाखला कोणी मागितलेला मी पाहिलेला नाही. बांधकाम चालू असताना उघड्या टाक्यांत आणि स्लॅबवर साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, हे तर आता शाळकरी मुलेही सांगतात.

अर्ज कोणाकडे द्यायचा, यात पुष्कळांची गल्लत होते. लोणावळे आणि तळेगाव दाभाडे येथे नगरपरिषद आहे. ग्रामपंचायतीच्या हद्दीतील मोठ्या प्रकल्पांची परवानगी मात्र पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए, देते. सरपंचांशी भांडून फारसे हाती लागत नाही. ग्रामसभेचा ठराव मात्र जरूर जोडावा. २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, पण २००६ च्या अधिसूचनेने अशा प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिलेली आहे. म्हणून शेजाऱ्याचा लेखी अर्ज हाच बहुधा त्याचा एकमेव आवाज असतो. तो व्यर्थ जातोच असे नाही. पीएमआरडीएच्या २०२१ च्या प्रारूप विकास आराखड्यावर ६० हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या आणि अखेर २०२५ मध्ये शासनाने तो आराखडाच रद्द केला. पाणी अपुरे असल्याच्या मुद्द्यावर बाणेर-बालेवाडीतील नव्या बांधकाम परवानग्या मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये काही काळ रोखल्या होत्या. न्यायालयात तिथे पाण्याचा मुद्दा टिकला, हे लक्षात घ्यावे.

शिक्षिकाबाईंचा अर्ज आम्ही पुन्हा लिहिला तेव्हा त्यात प्रश्न राहिले ते असे: संकुलाला पाणी कोठून येणार, आणि उन्हाळ्यात तो स्रोत आटल्यास कोठून? शुद्ध केलेले सांडपाणी कोणत्या ओढ्यात सोडणार, आणि केंद्राला वीज गेल्यावर जनित्राची सोय आहे का? गावाच्या विहिरीपासून त्या केंद्राचे आणि शोषखड्ड्यांचे अंतर किती? रस्त्यावर टँकर उभा असताना रुग्णवाहिका जाऊ शकते का? उत्तरे न मिळाल्यास माहितीच्या अधिकारात हेच प्रश्न विचारता येतात.

जे अशा संकुलात राहायला आले आहेत, त्यांनी काय करावे? टँकर कोणत्या विहिरीवर भरतो, हे चालकाला विचारून नोंदवहीत तारखेसह लिहून ठेवा. दीड महिन्याने मला त्याच पानाची गरज पडेल. चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम लागते. म्हणजे दहा हजारांच्या टँकरला २५ ग्रॅम, आणि त्यानंतर निदान अर्धा तास, शक्यतो तासभर थांबणे. पाणी गढूळ असेल तर हे प्रमाण पुरत नाही. नळाच्या तोंडाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवे. ओ.टी. चाचणीत पाणी पिवळसर झाले, की क्लोरीन आहे असे समजावे. ही तपासणी ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक करतो. सोसायटीतही कोणा एकाने शिकून घ्यावी. आरओ यंत्र आहे म्हणून निश्चिंत राहू नका, त्याची साठवण टाकी धुतली नाही तर तिथेच जंतू वाढतात. शंका असेल तेव्हा पाणी खळखळून उकळा.

जुलाब झाल्यावर एक ते तीन आठवड्यांत हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, जिना चढताना पाय साथ देईनात, घास गिळायला किंवा श्वास घ्यायला अडचण वाटली, तर अशक्तपणा म्हणून घरी थांबू नका. अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात त्याच दिवशी जा.

आणि गावकऱ्यांसाठी: बांधकाम सुरू होण्यापूर्वीच विहिरीच्या पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या, एकदा मे महिन्यात आणि एकदा पाऊस लागल्यावर. ‘आधी पाणी चांगले होते’ हे नंतर तोंडी सांगून कोणी मानत नाही. दोन्ही अहवालांच्या प्रती अर्जाला जोडा आणि अर्जाच्या स्थळप्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.