पद्मिनी घ्यायची की अर्टिगा? आधी गिऱ्हाईक कोण ते सांगा



मागच्या बॅचमधल्या एका मुलाने विचारलं, "सर, एका गॅरेजवाल्याकडे जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. ती घेऊन लग्नांना भाड्याने देऊ, की कर्ज काढून अर्टिगा घेऊ?" सगळा वर्ग ओरडला, "पद्मिनी!" मी म्हटलं, जरा थांबा.

पद्मिनीवर माझाही जीव आहे. स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा, पुढे सलग सीट, टॅक्सी असेल तर बाहेर डावीकडे मीटर आणि टपावर कॅरिअर. इंजिन १०८९ सीसीचं, कॉम्प्युटर वगैरे भानगडच नाही. रस्त्याकडेचा मेकॅनिक दोन पाने आणि एक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तिला पुन्हा चालू करायचा. पण हेही लक्षात घ्या, तेव्हा गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, कारण पर्यायच दोन-तीन होते. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि चित्र पालटलं. म्हणजे कुर्ल्याच्या या गाडीच्या खपात तिचे गुण किती आणि लोकांची मजबुरी किती? गावात एकच झेरॉक्सचं दुकान असतं ना, तसलाच प्रकार.

मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर बाद झाली. लोक हळहळले, फोटो काढले. पण त्यातले किती जण आदल्या आठवड्यात एसी कॅब सोडून तिच्यात बसले होते? हळहळणारा वेगळा आणि पैसे मोजणारा वेगळा.

आता कागदपत्रं बघा, कारण इथेच पोरं फसतात. पांढऱ्या नंबर प्लेटची खासगी गाडी भाड्याने फिरवता येत नाही, मग ती नवऱ्यामुलासाठी का असेना. बरं, ५० वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवली, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे ती धंद्यासाठी रस्त्यावर काढायलाच मनाई. शिवाय चातुर्मासात लग्नं किती लागतात, हे मी सांगायला नको.

अर्टिगा दिसायला साधीच. पण सात माणसं बसतात, एसी आहे, एअरबॅग आहेत, कंपनीचीच सीएनजी मिळते. शिर्डीला निघालेल्या कुटुंबाला एवढंच हवं असतं. दोष आहेच: मागे सीएनजीची टाकी आणि तिसरी रांग भरलेली, मग बॅगा कुठे ठेवणार? टपावर कॅरिअर आलंच, पद्मिनीसारखं! आणि हप्ता थांबत नाही. समजा १० लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, ५ वर्षं, तर महिन्याला साधारण २१,२५० रुपये. गाडी २५ दिवस चालली, तर रोजचे ८५० आधी बँकेचे. इंधन, टायर, विमा, ड्रायव्हर हे सगळं त्यानंतर.

तरी माझं मत अर्टिगाच. पद्मिनीत धंदा आहे तो ती दुरुस्त करणाऱ्याला, जुन्या गाड्या उभ्या करून देणाऱ्याला. त्या मुलाला विचारलं, "कार्बोरेटर खोलता येतो का रे?" तो हसला आणि मान हलवून नाही म्हणाला.

त्याला घरचा अभ्यास दिलाय. तालुक्यातल्या चार ट्रॅव्हल्सवाल्यांकडे पंधरा दिवस बसायचं आणि कुणाची गाडी किती दिवस उभी राहते ते वहीत लिहायचं. वही घेऊन आला की कर्जाचं बोलू.