उतारा वाचता आला पाहिजे

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगावसह सीमाभाग तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. आजोबांच्या काळचे मराठी उतारे आजही अनेक घरांच्या ट्रंकांत आहेत. नातवाच्या हाती मात्र कानडी उतारा येतो. तो वाचता येत नाही म्हणून गावकरी एजंटाच्या भरवशावर सही करतो. चूक उघड होते ती कर्ज काढताना, नाहीतर वाटणीच्या वेळी. आम्ही मराठी शाळेत शिकवतो. पालक असे कागद घेऊन आमच्याकडे येतात. कुठे आडनाव बदललेले, कुठे एका भावाचे नावच गळलेले.

भाषेचा लढा चालूच राहील. पण तोवर घर-शेत सांभाळलेच पाहिजे. शेताच्या उताऱ्यावरील सर्व्हे नंबर, एकर-गुंठे, खातेदारांची नावे व बोजा नीट तपासावा. गावठाणातील घरासाठी ग्रामपंचायतीकडून ई-स्वत्तूचे नमुना ९ व ११ घ्यावेत. जागा विकत घेण्यापूर्वी उपनिबंधक कार्यालयातून बोजा दाखला काढावा. वडील वारल्यावर वारसा नोंद लांबवू नये. बहिणींची नावे वगळू नयेत.

राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतो. तो मराठीतूनच द्यावा आणि पोच घ्यावी. त्याचबरोबर घरातील एकाने तरी कानडी अक्षरे शिकावीत. त्याने मराठी बाटत नाही. न वाचता केलेल्या सहीने मात्र घर जाते.