निकाल न्यायाधीशांचा, पण कोर्ट कोण चालवणार?

जिल्हा न्यायालयात लिपिक किंवा शिपायांची भरती निघाली, की जाहिरातीखाली सही असते ती प्रबंधकांची. सर्वसामान्य माणसाचा त्यांच्याशी संबंध बहुधा एवढाच. वर्षानुवर्षे तारखांना येणाऱ्या पक्षकाराला न्यायाधीशांचे नाव ठाऊक असते, दोन्ही बाजूंचे वकील ठाऊक असतात, पुकारा करणारा शिपाईसुद्धा ओळखीचा झालेला असतो. पण कोर्टाचा रोजचा कारभार पाहणारा हा अधिकारी त्याच्या गावीही नसतो. आपला दावा नेमका कुठे अडला, याचे उत्तर मात्र पुष्कळदा न्यायदालनात सापडत नाही. ते याच अधिकाऱ्याच्या अखत्यारीतल्या टेबलांवर पडून असते.

देशभरातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत आज साडेचार कोटींहून अधिक प्रकरणे प्रलंबित आहेत. महाराष्ट्राचा वाटा 50 लाखांच्या वर आहे. यावर एक ठरलेली मागणी होते: न्यायाधीश वाढवा. ती रास्तच आहे. दहा लाख लोकसंख्येमागे 50 न्यायाधीश असावेत, असे विधी आयोगाने 1987 मध्ये सांगितले होते आणि आजही मंजूर पदांचे प्रमाण 21 च्या आसपासच रेंगाळते आहे. पण नव्या न्यायाधीशासमोर समन्स न बजावलेलीच फाइल येणार असेल, तर त्यालाही पुढची तारीख देण्यावाचून गत्यंतर उरणार नाही.

समन्सचेच पाहा. पुण्यात दिवाणी दावा दाखल झाला आणि प्रतिवादी लातूरला राहतो, असे समजू. वादीने प्रोसेस फी भरायची, मग समन्स तयार होऊन नाझर विभागात जाणार, तिथून लातूरच्या न्यायालयाकडे, तिथल्या नाझराकडे आणि शेवटी बेलीफाच्या हातात. बेलीफ पत्त्यावर पोहोचतो तेव्हा दाराला कुलूप असते. तो तसा अहवाल लिहितो आणि कागद आलेल्या वाटेने परत निघतो. तो पुण्याला पोहोचेपर्यंत तारीख उलटून गेलेली असते. रोजनाम्यात ‘समन्स बजावणी नाही’ एवढी नोंद होते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. प्रतिवादीने 30 दिवसांत, फार तर 90 दिवसांत कैफियत द्यावी, असे दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते. मात्र हे दिवस मोजायचे ते समन्स मिळाल्यापासून. ते मिळतच नसेल, तर कायद्याने घातलेली मुदत सुरूच होत नाही. या सगळ्यात न्यायाधीशांच्या बुद्धीचा कस लागेल असे काहीही नाही. कोणत्या बेलीफाकडे किती समन्स आहेत, कोणत्या तालुक्यातून कागद वारंवार न बजावता परत येतात, दुसऱ्या जिल्ह्याकडे स्मरणपत्र गेले का, हे आठवड्याला पाहणारा माणूस लागतो. हे काम व्यवस्थापनाचे आहे.

दावा जिंकल्यावरही सुटका नाही. हुकूमनाम्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून दरखास्त दाखल करावी लागते आणि तिची गाडी पुन्हा नाझर-बेलीफांवरच अडते. दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढा, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये बजावले. ऑक्टोबरमध्ये आढावा घेतला तेव्हा देशभरात 8 लाख 82 हजारांहून अधिक दरखास्ती पडून होत्या आणि त्यांतल्या 3 लाख 41 हजारांहून अधिक एकट्या मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीत होत्या. ज्यांनी खटला जिंकला आहे, त्यांची ही रांग आहे! या आकड्याने महाराष्ट्राची झोप उडायला हवी होती.

मुद्देमालाची अवस्थाही वेगळी नाही. जप्त वाहने वर्षानुवर्षे गंजत ठेवू नका, पंधरा दिवस ते महिन्याभरात निर्णय घ्या, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई देसाई प्रकरणात 2002 मध्येच सांगितले. हा आदेश पाळायचा तर नोंद, छायाचित्र आणि विल्हेवाट यांवर सतत लक्ष ठेवणारे कुणीतरी हवे.

हे लक्ष आज कोण ठेवते? कायद्याने प्रशासनाचे प्रमुख असतात प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीश. सकाळी खुनाच्या खटल्यातली साक्ष नोंदवायची, मधल्या सुट्टीत गळक्या छताबद्दल सार्वजनिक बांधकाम खात्याशी बोलायचे आणि संध्याकाळी रजेचे अर्ज व विभागीय चौकशांच्या फाइली हातावेगळ्या करायच्या. साधारण तीन वर्षांनी त्यांची बदली होते आणि बसवलेली घडी पुन्हा विस्कटते. त्यांच्या हाताखालचे प्रबंधक आणि अधीक्षक बहुतेक लिपिकपदापासून चढत आलेले असतात. नियम त्यांना तोंडपाठ असतात आणि कोणती फाइल कुठल्या कपाटात आहे हेही ते सांगू शकतात. मात्र मनुष्यबळाचे नियोजन, अंदाजपत्रक, आकडेवारीचा अभ्यास यांचे रीतसर शिक्षण त्यांना कुणी दिलेले नसते. हा दोष त्यांचा नव्हे.

ही उणीव ओळखली ती डॉ. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील तेराव्या वित्त आयोगाने. न्यायव्यवस्थेसाठी 2010 ते 2015 या काळात 5,000 कोटी रुपयांची तरतूद झाली. त्यांतले 300 कोटी प्रत्येक न्यायिक जिल्ह्यात आणि उच्च न्यायालयात व्यवस्थापनाची पदवी घेतलेले कोर्ट मॅनेजर नेमण्यासाठी होते. तरुण एमबीए आले, पण कंत्राटावर. आयोगाची मुदत संपली, निधी आटला आणि अनेक राज्यांनी ही पदेच गुंडाळली. या मॅनेजरांना नियमित करा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितले. तरीही अनेक राज्यांत हालचाल झाली नाही. अखेर 16 मे 2025 रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने उच्च न्यायालयांना तीन महिन्यांत नियम करायला आणि राज्य सरकारांना पुढच्या तीन महिन्यांत त्यांना मंजुरी द्यायला फर्मावले. दर्जा किमान वर्ग दोनच्या राजपत्रित अधिकाऱ्याचा असावा, हेही त्याच निकालात आहे.

बाहेरून आलेला एमबीए कोर्टाचे काम काय जाणणार, अशी कुरकुर होते. ती अगदीच निराधार नाही. दिवाणी दरखास्त आणि फौजदारी किरकोळ अर्ज यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याच्या तक्त्यांचा उपयोग होणार नाही. म्हणूनच मॅनेजरने जिल्हा पातळीवर प्रबंधकांच्या देखरेखीखाली काम करावे आणि दोघांची कामे एकमेकांत मिसळू नयेत, ही निकालातली व्यवस्था शहाणपणाची आहे. अनुभव आणि व्यवस्थापन एकाच कार्यालयात बसले पाहिजेत. अमेरिकेत 1970 मध्येच कोर्ट व्यवस्थापनाचे प्रशिक्षण देणारी स्वतंत्र संस्था उभी राहिली आणि त्यामागे आग्रह होता खुद्द तिथल्या सरन्यायाधीशांचा, वॉरन बर्गर यांचा. आपल्या प्रबंधकांनाही असे शिक्षण मिळायला हवे.

साधनांची आता सबब सांगता येणार नाही. ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला 2023 मध्ये 7,210 कोटी रुपये मंजूर झाले. न्यायालये ज्या प्रणालीवर प्रकरणांची नोंद ठेवतात, ती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुण्यातल्या चमूने घडवली आहे. बेलीफाने समन्स कुठे आणि केव्हा बजावले, हे मोबाइलवर नोंदवण्याची सोयही तयार आहे. मात्र ही माहिती रोज उघडून पाहणारा आणि त्यावरून दुसऱ्या दिवशी माणसे हलवण्याचा अधिकार असलेला अधिकारी जोवर बसत नाही, तोवर तिचा पक्षकाराला काडीचा फायदा नाही.

मुंबई उच्च न्यायालय आणि राज्य शासनाने कोर्ट मॅनेजरची पदे कायमस्वरूपी भरावीत, त्यांच्या हाती खर्चाचे ठरावीक अधिकार द्यावेत आणि प्रबंधकांच्या प्रशिक्षणाची सोय उत्तनच्या न्यायिक अकादमीत करावी. सोबत आणखी एक करावे. प्रत्येक जिल्ह्यात महिन्याला किती समन्स निघाले, किती बजावले गेले आणि नक्कल मिळायला किती दिवस लागले, हा तक्ता कोर्टाच्या दारात लावावा. वकील संघांनी ही मागणी येत्या बैठकीतच प्रमुख जिल्हा न्यायाधीशांपुढे लेखी मांडावी.