मुक्त सॉफ्टवेअर, परावलंबी पुस्तिका

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीस दिला जाणारा नियमित आधार थांबविला. पुढील आवृत्तीच्या अटी न पेलणारे अनेक सुस्थितीतील संगणक त्यामुळे अडगळीत जाण्याची पाळी आली. अशा वेळी लिनक्स, लिब्रेऑफिस यांसारख्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरकडे वळावे की काय, हा विचार शाळांच्या आणि लहान कार्यालयांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. या चर्चेत परवाना-शुल्काच्या बचतीचा हिशेब हटकून मांडला जातो. परंतु हे सॉफ्टवेअर वापरावे कसे हे सांगणारी पुस्तिका कोणी व कोणासाठी लिहिली आहे, हा प्रश्न बहुधा उपेक्षित राहतो.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर पुस्तिका ही सॉफ्टवेअरची पूरक वस्तू होय. एक वस्तू विनामूल्य आणि तिची पूरक वस्तू दुर्मीळ असेल, तर त्या विनामूल्यतेस फारसा अर्थ उरत नाही. १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा करणारे रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त प्रणालींतील सर्वांत मोठी उणीव सॉफ्टवेअरमध्ये नसून चांगल्या मुक्त पुस्तिकांच्या अभावात आहे, असे प्रतिपादन केले होते. २००० साली पुस्तिकांसाठी जो स्वतंत्र ‘ग्नू’ परवाना निघाला, त्यात मजकुराची एक ‘पारदर्शक’ प्रत, म्हणजे ज्याचे नियम सर्वांस खुले आहेत आणि जो साध्या संपादकातही दुरुस्त करता येतो अशा स्वरूपातील प्रत, उपलब्ध असावी, अशी तरतूद करण्यात आली.

परंतु स्वरूप खुले असले तरी आशय एकाच कार्यप्रणालीस जखडलेला असू शकतो. ‘सी ड्राइव्हमधील फाइल उघडा’ हे वाक्य विंडोज वापरणाऱ्यास सुगम वाटते; लिनक्सवर तसा ड्राइव्हच नसतो. विंडोजमध्ये फाइलच्या नावातील रोमन अक्षरांचा लहान-मोठेपणा सहसा गौण मानला जातो, लिनक्समध्ये त्यामुळे दोन भिन्न फाइली होतात. लिब्रेऑफिसमधील ‘ऑप्शन्स’ ही खिडकी विंडोज व लिनक्सवर ‘टूल्स’ या यादीत आढळते, तर मॅकवर ती ‘लिब्रेऑफिस’ या नावाच्या यादीत असते. कंट्रोल कळीचे बरेचसे कार्य तेथे कमांड कळ करते. हे फरक क्षुल्लक दिसतात, परंतु नवशिक्याची गाडी नेमकी येथेच अडते आणि दोष पुस्तिकेस न देता तो स्वतःच्या आकलनास देतो.

जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. सुमारे ३०,००० शासकीय संगणकांवर लिब्रेऑफिस आणण्याचा आणि पुढे विंडोजच्या जागी लिनक्स योजण्याचा निर्णय तेथे एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाला. म्हणजे एकच कर्मचारी एकच सॉफ्टवेअर क्रमाने दोन कार्यप्रणालींवर वापरणार. पहिल्या टप्प्यातील पुस्तिका विंडोजला चिकटून लिहिली गेली, तर दुसऱ्या टप्प्यात लेखन आणि प्रशिक्षण या दोहोंचा खर्च पुन्हा करावा लागेल. स्थलांतराचा हा छुपा खर्च हीच जुन्या पुरवठादाराची खरी तटबंदी असते.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, सर्वांसाठी लिहिलेली पुस्तिका कोणाच्याच उपयोगी पडत नाही. नवशिक्यास तत्त्व नको, नेमकी कळ हवी असते. आक्षेपात तथ्य आहे. परंतु तटस्थता म्हणजे मोघमपणा नव्हे. लिब्रेऑफिसच्या मार्गदर्शिकांत मुख्य विवेचन एकच असून मॅकवरील फरकांचा तक्ता प्रारंभी दिलेला असतो. त्याच्या अंतर्गत साहाय्य-मजकुरात तर वाचकाची कार्यप्रणाली ओळखून त्यास लागू असलेलेच वाक्य दाखविण्याची सोय आहे. काय साधावयाचे ते एकदाच सांगावे, कसे साधावयाचे यातील भेद तेवढे वेगळे काढावेत, हे याचे सूत्र.

भारतासारख्या बहुभाषिक देशात या सूत्राचे मोल अधिकच वाढते. तीन कार्यप्रणालींसाठी तीन पुस्तिका आणि दहा भाषा असे गृहीत धरले, तर तीस पुस्तिका सांभाळाव्या लागतात. सामाईक मजकूर एक असेल तर दहा पुरतात. मुंबईच्या आयआयटीतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ या केंद्रीय शासनाच्या साहाय्याने चाललेल्या उपक्रमात लिब्रेऑफिसचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिमुद्रित झाले आहेत, आणि कोणती कार्यप्रणाली व कोणती आवृत्ती वापरली हे पाठाच्या आरंभीच सांगण्याची तेथे प्रथा आहे. मात्र पडद्यावरील चित्र एकाच प्रणालीचे असल्याने ही प्रामाणिक नोंद मार्ग दाखविते, अंतर मिटवीत नाही.

केंद्र शासनाने २०१५ मध्ये ई-शासनात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले. पुस्तिका ही सार्वजनिक वस्तू आहे; तिचा लाभ सर्वांस होतो, म्हणूनच तिचा खर्च उचलण्यास कोणी एकटा पुढे येत नाही आणि भार मूठभर स्वयंसेवकांवर पडतो. परवान्यांवरील बचतीचा काही निश्चित हिस्सा तटस्थ आणि देशी भाषांतील पुस्तिकांसाठी राखून ठेवणे हे शासनाचे कर्तव्यच ठरते. अन्यथा सॉफ्टवेअर मुक्त होईल, ते वापरणारा मात्र पूर्वीइतकाच परतंत्र राहील.