चादरी कुणाच्या होत्या, तेवढं लिहून ठेवा

मा. महाव्यवस्थापक,
पश्चिम रेल्वे, चर्चगेट, मुंबई



११ जुलै २००६, मंगळवार. संध्याकाळी ६ वाजून २४ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि पुढच्या अकरा मिनिटांत तुमच्या सात गाड्यांमध्ये सात. वांद्रे ते खार, खार ते सांताक्रूझ, माटुंगा रोड ते माहीम, माहीम, जोगेश्वरी, बोरिवली, आणि थेट तिकडे मीरा रोड ते भाईंदर. गाड्या सगळ्या चर्चगेटहून सुटलेल्या, डबे सगळे फर्स्ट क्लासचे, आत घरी निघालेली माणसं. न्यायालयाच्या कागदांत मृतांचा आकडा १८९ आहे, जखमी आठशेच्या वर. हे तुम्हाला मी सांगायला नको. कुठली गाडी कुठे थांबली, वीज कधी तोडली, लाइन कधी मोकळी झाली, याची नोंद तुमच्या दप्तरात असणारच. ज्यांच्याविषयी मी लिहिते आहे ती माणसं मात्र कुठल्याही दप्तरात नाहीत, आणि ती तिथे असावीत एवढ्यासाठी हे पत्र.

स्फोट झाले तेव्हा बऱ्याच गाड्या फलाटावर नव्हत्या, दोन स्टेशनांच्या मध्ये होत्या. तिथे ना स्टेशनमास्तर, ना स्ट्रेचर, ना जाळीच्या आत यायला रुग्णवाहिकेला वाट. तिथे होती ती फक्त रुळांकडेची वस्ती. पत्र्याच्या खोल्यांमधून आणि कडेच्या चाळींमधून माणसं धावत आली. दुसरा बॉम्ब असेल का, विजेची तार तुटून खाली आली असेल का, याचा विचार करायला कुणी थांबलं नाही. घरात होत्या नव्हत्या त्या चादरी, साड्या, पलंगपोस घेऊन ती रुळांवर उतरली. जखमींना चादरीत घालायचं, चार टोकं चौघांनी धरायची आणि खडीवरून, नाल्यावरून, भिंतीतल्या भगदाडातून रस्त्यापर्यंत आणायचं. पुढे माहीमला टॅक्सी आणि टेम्पो, वांद्र्यापलीकडे रिक्षा. भाभा, सायन, केईएम, कूपर, भगवती, जे जवळ असेल ते हॉस्पिटल.

तुमच्या भाषेत या वस्तीला अतिक्रमण म्हणतात. तो शब्द कायद्याने बरोबर असेल, आणि रुळांना खेटून लेकरं खेळावीत असं मलाही वाटत नाही. पण त्या संध्याकाळी ती वस्ती तिथे नसती तर मृतांचा आकडा कुठे गेला असता, हा विचार तुमच्यापैकी कुणी कधी केला आहे का?

माहीमजवळच्या अशाच एका वस्तीत राहणाऱ्या मावशींशी माझं काही वर्षांपूर्वी बोलणं झालं. आवाज ऐकून त्या बाहेर आल्या, समोरचं पाहिलं आणि आत वळल्या. अंथरुणावरची पातळ चादर शेजारच्या पोरांना दिली. ती अर्ध्या वाटेतच फाटली. मग त्यांनी पत्र्याची पेटी उघडून तळाशी ठेवलेल्या दोन सोलापुरी चादरी काढल्या, लेकीच्या लग्नात द्यायला घेऊन ठेवलेल्या, घडीसुद्धा न मोडलेल्या. त्या टिकल्या. एकीतून त्यांच्या नवऱ्याने आणि आणखी तिघांनी एका माणसाला रस्त्यापर्यंत नेलं. त्याच्या एका पायात बूट होता, दुसऱ्यात नुसता मोजा, आणि तो सारखा आपली बॅग मागत होता. तो जगला की गेला, हे मावशींना आजवर कळलेलं नाही. पोलीस नंतर येऊन गेले. कुणी अनोळखी माणूस या भागात दिसला होता का, एवढं त्यांनी विचारलं. रेल्वेचं म्हणून त्यांना कुणी काहीही विचारलं नाही. हे सांगताना त्यांचा सूर तक्रारीचा नव्हता. कुणी येऊन विचारावं, इतकं मोठं आपण काही केलं असं त्यांना वाटलंच नव्हतं.

मी स्वतः त्या संध्याकाळी अंधेरीहून बोरिवलीकडे चालत निघालेल्या गर्दीत होते. फोन लागत नव्हते. एस. व्ही. रोडवर माणसांचा लोंढा होता, आणि त्यात फारसं कुणी बोलत नव्हतं. दोन्ही बाजूंच्या इमारतींतली माणसं खाली उतरून उभी होती, हातात पाण्याचे जग आणि घरातले स्टीलचे पेले. पाणी प्यायचं, पेला परत द्यायचा, तो विसळून लगेच मागच्या माणसाला. बिस्किटांचे पुडे फोडून ताटांत मांडले होते. गाडीवाले काचा खाली करून कुठे जायचं ते विचारत होते. वर्षभरापूर्वीच, २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा हाच रस्ता कमरेएवढ्या पाण्यात होता आणि हीच माणसं दोर धरून उभी होती. या शहराला ही सवय वरून कुणी लावलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या गाड्या धावत होत्या आणि माणसं त्यांत चढत होती. त्याबद्दल तुमच्या खात्याला, मोटरमनना, गार्डना आणि रात्रभर रुळांवर राबलेल्या गँगमनना मी मनापासून हात जोडते. त्या सकाळविषयी दोन गोष्टी वर्षानुवर्षं ऐकते आहे. पुढारी म्हणतात, हे मुंबईचं स्पिरिट. त्यांना वैतागलेले शहाणे लोक म्हणतात, कसलं स्पिरिट, पोटासाठी जावं लागतं, नाइलाज आहे. मला दोन्ही पटत नाहीत. लेडीज डब्यात माझ्यासमोर भांडीधुणी करणाऱ्या बायका बसल्या होत्या, एक खाडा म्हणजे एका दिवसाचे पैसे गेले अशा. होय, त्यांना जावंच लागणार होतं. पण सीटखालची प्रत्येक पिशवी कुणाची, हे विचारून, घाबरून, देवाचं नाव घेऊन त्या गेल्या. गरज होती म्हणून त्यांचं धैर्य कमी किमतीचं कसं ठरतं? ज्याला घरी बसणं परवडतं त्याने दाखवलेलीच काय ती हिंमत?

आणखी एक गोष्ट त्या दिवसांत घडली, किंवा नेमकं सांगायचं तर घडली नाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये हे शहर एकमेकांच्या जिवावर उठलं होतं. त्यानंतर १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली. २००६ साली ज्यांनी स्फोट घडवले त्यांना, मला वाटतं, शहराने पुन्हा तसंच एकमेकांच्या जिवावर उठायला हवं होतं. ते झालं नाही. माहीम, वांद्रे, जोगेश्वरीला चादरीची चार टोकं धरणाऱ्यांत हिंदूही होते, मुसलमानही होते आणि ख्रिस्तीही. रक्त द्यायला लागलेल्या रांगांचंही तसंच. शहराने दिलेलं खरं उत्तर मला यात दिसतं, वेळेवर सुटलेल्या ८.१० च्या फास्टपेक्षाही जास्त.

या उत्तराची आठवण आज ठेवायला हवी, कारण दुसऱ्या एका प्रश्नाला अजून उत्तर नाही. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यांच्यातला एक त्याआधीच तुरुंगात वारला होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देता येणार नाही, पण सुटलेल्यांनी तुरुंगात परतायची गरज नाही, असा आदेश तिथून आला. म्हणजे एवढ्या वर्षांनंतरही ज्यांची माणसं गेली त्यांना, कुणी केलं, हे खात्रीने सांगता येत नाही. आणि उच्च न्यायालयाचा निकाल धरला, तर ज्यांनी केलं नाही त्यांची उमेदीची वर्षं गजाआड गेली. तो विषय तुमच्या हातातला नाही, म्हणून त्याबद्दल तुम्हाला जाब विचारत नाही. पण गुन्ह्याची कहाणी अशी अर्धवट राहिली असताना, त्या संध्याकाळचं जे शंभर टक्के खरं आहे आणि ज्याचे साक्षीदार अजून जिवंत आहेत, ते तरी हातचं जाऊ देऊ नये.

स्फोटांनंतर आठवड्याने, १८ जुलैला, त्याच वेळी शहर स्तब्ध उभं राहिलं. राष्ट्रपती कलाम माहीम स्टेशनवर आले होते. दर ११ जुलैला तिथे फुलं वाहिली जातात. ती वाहायलाच हवीत. पण स्फोटांनंतर जन्मलेली मुलं आता कॉलेजला जायला तुमचीच गाडी पकडतात, आणि त्यांतल्या कितीतरी जणांना त्या फुलांचं कारण माहीत नसतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याची गोष्ट त्यांना थोडी तरी माहीत आहे. सीएसटीवर विष्णू झेंडे यांनी माइकवरून प्रवाशांना वाट दाखवली, कामा हॉस्पिटलात अंजली कुलथे यांनी गरोदर बायकांना सुरक्षित खोलीत हलवलं, गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी हल्लेखोर कसाबची बंदूक सोडली नाही. ही नावं कुणीतरी विचारून, लिहून ठेवली म्हणून उरली. ११ जुलैच्या माणसांना तसं विचारणारं कुणी भेटलं नाही.

माझी मागणी साधी आहे, तिला फार खर्चही नाही. सातही ठिकाणी जाऊन साक्षी नोंदवा. वस्तीतली माणसं, स्टेशनबाहेरचे टॅक्सी-रिक्षावाले, स्टॉलवाले, हमाल, त्या दिवशी ड्यूटीवर असलेले आणि आता निवृत्त झालेले तुमचेच कर्मचारी, हॉस्पिटलातल्या आया आणि वॉर्डबॉय. त्यांच्या भाषेत, त्यांच्या शब्दांत. त्यातून त्या त्या स्टेशनवर एक फलक लावा. शौर्यगाथा नको, कोण कुठून आलं आणि त्याने काय केलं, एवढंच. आणि हीच माणसं पुन्हा सगळ्यांत आधी पोचणार हे ठाऊक असताना त्यांना वाऱ्यावर सोडू नका. रक्तस्राव कसा थांबवायचा, मान दुखावलेल्याला कसं उचलायचं, वीज बंद झाली हे कसं ओळखायचं, हे रुळांलगतच्या प्रत्येक वस्तीतल्या आठ-दहा जणांना शिकवा आणि स्ट्रेचर त्यांच्या हाताशी राहतील असे ठेवा. उद्या ती वस्ती हलवायची वेळ आली, तर नोटीस घेऊन जाणाऱ्या अधिकाऱ्याला हे ठाऊक असू द्या, की याच घरांतून चादरी आल्या होत्या.

सुरुवात माहीम आणि माटुंगा रोडच्या मधल्या पट्ट्यापासून करा. माणसं पाठवाल ती रात्री आठनंतर पाठवा, त्याआधी तिथलं कुणी कामावरून परतलेलं नसतं. मावशींचं घर मी दाखवीन, पण त्यांची परवानगी आधी मलाच घेऊ द्या. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्या आता फार बाहेर पडत नाहीत, तेव्हा हे येत्या पावसाळ्याच्या आत झालं तर बरं.

कळावे,

आपली,
एक पासधारक प्रवासी,
बोरिवली